तलवार परत आली, मातीचं काय?

माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या भोसले घराण्यातल्या पहिल्या रघूजीराजांची तलवार आपल्या सरकारनं एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून सोडवली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. ४७ लाखांवर रुपये लागले, पण पैसे सार्थकी लागले असंच बहुतेक नागपूरकरांचं मत आहे. पातं युरोपी बनावटीचं, त्याच्या पाठीवर देवनागरीत ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. सेनासाहेबसुभा हा त्यांचा किताब, फिरंग म्हणजे विलायती पात्याची तलवार. अठराव्या शतकातलं नागपूर जगाशी कसं जोडलेलं होतं, ते या एका वस्तूत दिसतं.

आता त्याच घराण्याच्या राजधानीत, आमच्या महाल नावाच्या जुन्या वस्तीत, एकदा पायी फिरा. इथे बाराही महिने कुठे ना कुठे खोदकाम चालू असतं. गटार, पाण्याची लाइन, केबल, आणि हे सगळं आटोपलं की सिमेंटचा रस्ता. जेसीबी पुरुषभर खाली जातो. चपट्या विटांची एखादी भिंत डोकावते, चुन्याचा थर दिसतो, खापरं निघतात आणि संध्याकाळच्या आत सगळं डंपरमध्ये जातं. भोसल्यांचा जुना राजवाडा १८६४ मध्ये आगीत गेला, हे शाळेतल्या पोरालाही सांगता येतं. त्या आगीचा थर जमिनीखाली कुठवर पसरला आहे, हे मात्र चालू खड्ड्यात उतरून पाहावं असं कुणाच्या कामाच्या यादीत नाही.

विदर्भात उत्खनन म्हटलं की मनसर, अडम, पवनी, जुनापाणीची शिळावर्तुळं. नगरधनला वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेची मुद्रा सापडली तेव्हा आम्हालाही आनंद झाला. पण वाकाटक संपले की आपली कुदळ थांबते. १७०२ मध्ये बख्त बुलंदशहानं बारा खेडी एकत्र करून हे शहर वसवलं, तिथपासूनचा काळ जणू कागदांच्याच ताब्यात दिलेला. कागद दरबाराचे असतात, साहेब. कोष्ट्याच्या चुलीवर काय शिजत होतं, जुम्मा तलावाच्या काठी कोणती भांडी फुटत होती, बाईच्या हातातली काच कुठून येत होती, हे बखरकारानं लिहिलेलं नाही. ते खापरांत आहे.

म्हणून मागणी अशी. नागपुरात दरवर्षी लोकांसाठी, लोकांसमोर, मध्ययुगीन आणि आधुनिक काळाचं पुरातत्त्व मांडलं जावं. स्टेज, दीपप्रज्वलन आणि लाइट अँड साउंड शो आमच्याकडे पुष्कळ होतात, ते नको. जुन्या कोटाच्या आत कुठेही मोठं खोदकाम निघालं की राज्य पुरातत्त्व विभागाचा किंवा विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाचा माणूस तिथे उभा असावा, त्यानं थर नोंदवावेत, आणि बुजवण्याआधी एक दिवस दोरी बांधून तो खड्डा लोकांना दाखवावा. मुलांच्या हाती चाळणी द्यावी. फ्रान्समध्ये २०१० पासून दरवर्षी, आणि आता जूनमध्ये, पुरातत्त्वाचे दिवस असतात, चालू उत्खननं लोकांना खुली केली जातात. जून आमच्या नागपुरात घराबाहेर पडण्याचा महिना नव्हे, पण नोव्हेंबर आहे. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह, आणि लगेच २६-२७ ही भोसले आणि इंग्रज यांच्यातल्या सीताबर्डीच्या लढाईची तारीख, साल १८१७. डिसेंबरात आपण सगळे हिवाळी अधिवेशनाला इथे येताच. थोडं आधी या.

सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे आणि वर्षातून मोजकेच दिवस उघडतो, हे ठाऊक आहे. त्या दिवसांची रांग पाहिली की लोकांना रस नाही असं म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. संरक्षण खात्याला पत्र लिहून नोव्हेंबरातले हे दोन दिवस मिळवणं आपल्या हाती आहे. किल्ला नंतरचा, लढाई झाली ती मोठ्या आणि लहान टेकडीवर. कोणत्या टेकडीवर कोण होतं, तोफा कुठून चालल्या, हे जागेवर उभं राहून दाखवणारा जाणकार मिळाला तर मेट्रोतून रोज तिथून जाणारा माणूस खिडकीबाहेर बघेल तरी.

आता जरा नाजूक गोष्ट. लोकांच्या घरात वस्तू आहेत. वाडा पाडताना मिळालेलं नाणं, विहिरीतून निघालेला तांब्या, चिलमीचं तोंड. कुणी दाखवत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यात दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं तर कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे. दहा रुपये! आज त्यात तर्रीपोहेही येत नाहीत. लोकांना कलमं माहीत नसतात, पण ‘सरकार घेऊन जाईल, वर पोलीस विचारतील’ एवढं पक्कं माहीत असतं. म्हणून भांडं भंगारात जातं आणि नाणं सराफाकडे वितळतं. अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या सरकारी संग्रहालयात, महिन्यातल्या एका रविवारी टेबल मांडा. ज्याला आपली वस्तू दाखवायची त्यानं यावं, तज्ज्ञानं ती ओळखावी, फोटो काढावा, कुठे मिळाली ते लिहून घ्यावं. कायद्यात काय बसतं आणि काय नाही, हेही तिथेच साध्या मराठीत सांगावं. १८६३ पासूनचं संग्रहालय आहे ते. त्याला नागपूरच्या घरांशी बोलायला हरकत नसावी.

काही जण म्हणतील, मध्ययुग उकरू नका, माती बाजूला राहील आणि माथी तापतील. २०२५ च्या मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून महालात दंगल झाली तेव्हा आम्ही ते पाहिलं आहे. पण म्हणूनच खापरं लोकांपुढे यावीत असं मला वाटतं. हे शहर वसवणारा देवगडचा गोंड राजा, त्याचं नाव औरंगजेबानं दिलेलं, त्यानंतर इथे भोसल्यांची राजधानी, आणि भोसल्यांच्या बाजूनं इंग्रजांशी लढलेल्यांत अरब शिपाई. हा इतिहास एका रंगात रंगवायला निघालेल्या माणसाला पहिल्याच खड्ड्यात अडचण येईल.

भोसल्यांवरच थांबू नये, एवढंही सांगतो. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. आज त्या जागेवर मॉल आहे. मिल गेली, पण तिच्या खात्यांत घाम गाळलेली माणसं अजून आहेत. कोणतं यंत्र कुठे होतं, भोंगा किती वाजता व्हायचा, हे त्यांना विचारून नकाशावर मांडणं हेही पुरातत्त्वच, आणि त्याला फार वेळ हाती नाही. कस्तुरचंद पार्कवर खोदताना तोफा निघाल्या, तेव्हा बघायला गर्दी लोटली होती. जिथे तोफ निघत नाही, तिथे गर्दी जमवणारं कुणी हवं आहे.

सुरुवात गोंड किल्ल्याच्या परिसरातून व्हावी, अशी माझी सूचना आहे. भोसल्यांच्या आधी तेच या शहराचं मूळ. पण पहिली जागा कोणती, हे आपण किंवा मी न ठरवता उत्खनन करणाऱ्यांना ठरवू द्यावं. आपण खोदकामाच्या परवानगीत नोंदीची अट घालायला नगरविकास विभागाला सांगावं, आणि दोन पुरातत्त्वज्ञांचा वर्षाचा पगार मंजूर करावा. तलवारीच्या किमतीत त्यांची काही वर्षं निघतील.

आपला,
महालातला एक रहिवासी
नागपूर