ओटावाच्या युद्ध संग्रहालयातील त्या स्वयंसेवकांस

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

तुम्हाला इंग्रजीत वेगळं पत्र पाठवलंच आहे. हे मराठीत अशासाठी, की तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते आमच्या सातारच्या भावकीलाही कळायला हवं. तुम्हाला काका म्हणते आहे, कारण बाबांच्या बरोबरीच्या माणसाला आम्ही दुसरं काही म्हणत नाही.

कॅनडाच्या युद्ध संग्रहालयात बाबांना आणलं ते त्यांना रणगाडे पाहायचे होते म्हणून. दुसऱ्या महायुद्धाच्या दालनात, इटलीच्या भागात ते बराच वेळ थांबले आणि आपणहून तुमच्याशी बोलू लागले. ते परक्या माणसाशी सहसा बोलत नाहीत, त्यामुळे मीच चकित झाले. 1970च्या दशकात बाबांना कॅनडाचा व्हिसा मिळाला, तेव्हा आजोबा म्हणाले होते, "जा. वळखीची माणसं हायती ती. इटलीत त्यांचं टँक आमच्यासंगं व्हतं." आजोबा मराठा पलटणीतले. युद्धाबद्दल ते एवढंच बोलत, आणि तिथल्या चिखलाबद्दल. म्हाताऱ्या माणसाने मुलाला दिलेला धीर, असंच घरात सगळे त्या वाक्याकडे बघत.

तुम्ही मात्र ते वाक्य साक्ष म्हणून ऐकलंत. संग्रहालयाच्या माहितीपत्रकामागे पेन्सिलीने इटली काढलीत. डिसेंबर 1943मध्ये कॅनडाची पहिली डिव्हिजन, म्हणजे हजारो सैनिकांची मोठी फौज, मोरो नदी ओलांडून ओर्तोना शहराकडे लढत होती आणि तिच्या डाव्या अंगाला आठवी भारतीय डिव्हिजन होती. त्याच डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची, म्हणजे आमच्या मराठा पलटणीची, पहिली बटालियन. मग मे 1944. कासिनो शहराच्या दक्षिणेला गारी नदी ओलांडणाऱ्या याच भारतीय डिव्हिजनच्या पाठीशी कॅनडाच्या पहिल्या आर्मर्ड ब्रिगेडचे रणगाडे होते. बुरूज काढलेल्या रणगाड्यावर अख्खा पूल लादून, मागून दुसऱ्या रणगाड्याने रेटत, तो गोळीबारात नदीवर नेऊन टाकला, हे सांगताना तुमचे हात इतके बोलत होते की बाबा हसू लागले. त्यांना असं हसताना मी फार दिवसांनी पाहिलं.

त्याहून मोठे उपकार तुमच्या सावधपणाचे. "म्हणजे आजोबा तिथे होतेच," असं मी घाईने म्हणाले, तेव्हा तुम्ही मला थांबवलंत. मराठा पलटणीच्या एकाहून जास्त बटालियन इटलीत लढल्या, पुरावा बघा, म्हणालात. फोनवरच्या फोटोत ताऱ्याच्या आकाराचं, लाल-पांढऱ्या-हिरव्या फितीचं पदक दिसताच तुम्ही ते ओळखलंत: इटली स्टार. कॅनडाच्या सैनिकांना ही पदकं कोरी मिळाली, भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र मागे नंबर आणि नाव कोरलेलं असतं, ते बघून घ्या, असं सांगितलंत. आणि आम्हाला संग्रहालयाच्याच संशोधन केंद्रात नेऊन बसवलंत. कॅनडाच्या लष्कराच्या अधिकृत इतिहासात आठव्या भारतीय डिव्हिजनचा उल्लेख अनेकदा येतो. बाबा त्या ओळींवरून बोट फिरवत होते.

गावी चुलतभावाने पदक उलटं केलं. नंबर होता, नाव होतं. पेटीच्या तळाशी डिस्चार्जचा, म्हणजे सैन्यातून सुटल्याचा, कागदही निघाला. त्यावर पहिली बटालियन. पलटणीच्या नामदेव जाधवांना एप्रिल 1945मध्ये इटलीतल्या सेनिओ नदीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळाला, ते याच बटालियनचे. तोवर कॅनडाचं सैन्य इटलीतून वायव्य युरोपात गेलं होतं. म्हणजे आजोबांची आणि त्या टँकवाल्यांची सोबत त्याआधीच सुटली होती.

एक गोष्ट तुम्ही टाळू शकला असता, टाळली नाहीत. आजोबा कॅनडाच्या रणगाड्यांसोबत लढले त्या वर्षी त्यांना कॅनडात राहायला येता आलं नसतं, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या भारतीयांना मतदानाचा हक्कही नव्हता. तो 1947मध्ये मिळाला. वंश आणि देश न बघता शिक्षण-कौशल्यावर गुण देणारी पद्धत आली 1967मध्ये, आणि बाबा त्याच दारातून आले. 1914मध्ये कोमागाता मारू जहाजावरच्या 376 भारतीय प्रवाशांपैकी बहुतेकांना व्हँकुव्हरच्या बंदरातून परत धाडलं गेलं, हेही तुम्ही आवाज न चोरता सांगितलंत. आणि मग वर बघायला लावलंत: ही इमारत वास्तुरचनाकार रेमंड मोरियामा यांनी घडवली. जपानी वंशाचे म्हणून दुसऱ्या महायुद्धात त्यांना लहानपणी कुटुंबासह स्लोकान खोऱ्यातल्या छावणीत डांबलं होतं. त्याच देशाने 2005 साली उघडलेलं हे युद्ध संग्रहालय त्यांच्या हातून उभं राहिलं. बाबा त्या तिरप्या, खडबडीत काँक्रीटच्या भिंतीला हात लावून उभे राहिले. या देशात इतकी वर्षं काढूनही त्यांनी कधी "आमचा इतिहास" हे शब्द वापरले नव्हते. परतीच्या गाडीत त्यांनी ते दोनदा वापरले, आणि त्यात गारी नदीही होती, कोमागाता मारूही होती.

माझ्या लेकीला शाळेत कुणी विचारलं, की तुम्ही कॅनडात कधी आलात, तर ती आता आधी इटलीचं सांगते. बाई गोंधळतात म्हणे. गोंधळू देत. तिचं उत्तर बरोबर आहे.

ही सेवा तुम्ही बिनपगारी करता, हे मला निघताना कळलं. त्या दिवशी आमच्यामागे आणखी किती माणसं ताटकळली असतील, तरी तुम्ही घड्याळाकडे पाहिलं नाहीत. मनापासून आभार, काका. माझ्याकडून, बाबांकडून, आणि गावी आजोबांची पेटी जपून ठेवणाऱ्या सगळ्यांकडून.

डिस्चार्जच्या कागदाची स्वच्छ प्रत चुलतभावाने काढून ठेवली आहे. तुमच्या संशोधन केंद्राला उपयोगी पडणार असेल तर आम्ही आनंदाने देऊ. कुणाला विचारायचं तेवढं कळवा.

आपली नम्र,
मराठा पलटणीतल्या एका शिपायाची नात