उरेल ते नव्हे, आधी काढलेले

सांगली

चि. अमेय यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घराचे हप्ते फिटून प्रपंच मार्गी लागल्यावर दानधर्म करावा, की आत्तापासूनच थोडे थोडे द्यावे, असे तू परवा फोनवर विचारलेस. घाईत उत्तर देण्याचा हा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. माझे मत असे, की पगार हाती आला की घरखर्चाची वाटणी करण्यापूर्वी देण्याचा वाटा बाजूला काढावा, मग तो कितीही लहान असो. उरले तर देऊ असे म्हणणाऱ्याजवळ सहसा काही उरत नाही, कारण मिळकत वाढली की गरजाही वाढतात.

आपल्या शेजारच्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातिधर्मांच्या गरीब मुलांसाठी वसतिगृह चालवायला घेतले, तेव्हा त्यांच्यामागे कोणी मोठा धनिक उभा नव्हता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने तर मोडलेच, पण मुलांच्या जेवणाची सोय होईना तेव्हा मंगळसूत्रही दिले, हे तू शाळेत ऐकले आहेसच. मला मात्र त्याहून अधिक विचार करावासा वाटतो तो कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेच्या मुष्टिफंडाचा. घरातल्या बाईने रोज मूठभर धान्य वसतिगृहासाठी वेगळे ठेवायचे, एवढीच ती योजना होती. ती मूठ दळणाआधी काढायची असे. सगळ्यांची जेवणे आटोपल्यावर टोपलीत राहिलेली भाकरी ती नव्हे. ज्या घरांत दोन वेळची भ्रांत होती त्यांनाही देणारे होता आले, ते यामुळेच. मंगळसूत्र देण्याचा प्रसंग क्वचित येतो आणि तो प्रत्येकाला झेपेलच असे नाही. मूठ मात्र रोज काढता येते.

किती द्यावे याइतकाच काय द्यावे हाही प्रश्न आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि त्यानंतर महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून मदतीचे ट्रक सांगलीत आले. त्या माणसांचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण गोण्या सोडताना मी स्वतः पाहिले, की एका गाठोड्यात कोरी सुती पातळे, परकर आणि मुलांचे नवे कपडे नीट घडी घालून ठेवलेले होते, तर शेजारच्या गाठोड्यात बटणे तुटलेले सदरे आणि काखेत उसवलेले झंपर कोंबलेले होते. ज्या बाईचे सगळे घर गाळात गेले आहे, तिच्या हाती उसवलेला झंपर ठेवणे म्हणजे तिच्या गरजेचा फायदा घेऊन आपले कपाट रिकामे करणे होय, असे मी आजही म्हणते. पाणी ओसरल्यावर लोकांना खरी निकड होती ती खराटे, फावडी, बादल्या, फिनेल, अंथरूण-पांघरूण आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांची. ज्यांनी येण्याआधी फोन करून विचारले, त्यांनीच बहुधा त्या वस्तू आणल्या. म्हणून आधी विचारावे, आणि स्वतः वापरण्याजोगे असेल तेच द्यावे. पाकीट घेणाऱ्याचा फोटो काढू नये, हे तुला सांगायला नकोच.

आणखी एक गोष्ट हातउसन्या पैशांची. तुझ्या कार्यालयातला शिपाई किंवा सोसायटीतला पहारेकरी मुलीच्या फीसाठी पैसे मागेल, आणि ते परत करणे त्याला शक्य नाही हे तुला दिसत असेल, तर देतानाच सांगून टाक की ही रक्कम परत करायची नाही. उसने म्हणून दिलेस तर फेडता न आल्यामुळे तो तुला टाळू लागेल आणि मान खाली घालून वावरेल. पैसे देऊन आपण त्याचा संकोच विकत घेतल्यासारखे होईल. शक्य असेल तेव्हा फी थेट शाळेत भरावी आणि त्याची वाच्यता करू नये.

कोणी खोटे सांगून फसवले तर काय, ही तुझी शंका रास्त आहे. चौकशी जरूर करावी, पण ती मदत योग्य जागी पोहोचावी म्हणून. न देण्याचे निमित्त म्हणून चौकशी लांबवू नये. दहांतला एखादा लबाड निघाला म्हणून उरलेल्या नऊ जणांना विन्मुख पाठवणे मला पटत नाही.

नदीकाठच्या एका प्राथमिक शाळेतल्या बाईंना मी वह्यांविषयी विचारले आहे. कोणत्या इयत्तेला किती आणि कशा हव्यात, याची यादी त्या पाठवणार आहेत. ती आली की तुला कळवते. त्यातले तुला झेपेल तेवढे तू घे, बाकीचे आम्ही दोघे पाहू.

प्रकृतीस जप.

तुझी,
आई