बादल गेला

कोल्हापूर,
बेंदराचा दुसरा दिवस

प्रिय सुऱ्या,

काल फोनवर "आवाज का बसलाय?" म्हणालास आणि मी पावसावर ढकललं. पाऊस आहेच, पंचगंगा पात्राबाहेर आलीय. पण खरं कारण वेगळं. बादल गेला. मेरठहून जुन्या सोबत्याचा मेसेज आला तेव्हा मी बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावत होतो.

तुला बादल म्हणजे माझ्या मोबाइलवरचा काळा लॅब्रॅडॉर, एवढंच माहीत. मेरठला लष्कराच्या आरव्हीसी, म्हणजे जनावरांच्या दलाच्या सेंटरला आमची जोडी लागली. खाणं, ब्रश, पंजे तपासणं, सगळं मीच करायचो. मी सुट्टीवर आलो की तिकडे तो भांड्याला तोंड लावायचा नाही, आणि इकडे मी तांबडा रस्सा ओरपताना ते आठवून थांबायचो.

काम स्फोटकं हुंगायचं. सापडलं तर भुंकायचं नाही, उकरायचं नाही, गुपचूप खाली बसायचं. बक्षीस काय, तर एक चेंडू. त्याच्या लेखी अख्खं काश्मीर म्हणजे चेंडूचा खेळ होता मर्दा! पहाटे रस्ता तपासायला निघालो की लांब दोरीवर पुढं तो, मागं मी, आणि गाड्या आमच्या भरवशावर. तो बसला की माझा पाय जागच्या जागी थांबायचा. अजून थांबतो. परवा रंकाळ्यावर एक मोकाट कुत्रं चालता चालता खाली बसलं, आणि मी तसाच खिळलो. भेळ खाणारी पोरं हसली.

२०२२ च्या ऑक्टोबरात अनंतनागला लष्कराच्या झूम कुत्र्याला दोन गोळ्या लागल्या आणि तो श्रीनगरला उपचार चालू असताना गेला. पुढच्या सप्टेंबरात राजौरीत केंट कुत्री गेली, तिच्या हँडलर जवानाला वाचवताना. तेव्हा गल्लीतल्या पोरांनीही स्टेटस ठेवले. बादल म्हातारा होऊन गेला. त्याचं स्टेटस कोण ठेवणार?

मी आधी निवृत्त झालो, दोरी नव्या पोराच्या हातात दिली आणि मागं न बघता निघालो. पूर्वी निवृत्त कुत्र्यांना सुई टोचून कायमचं झोपवायचे. २०१५ ला ते प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, मग चित्र बदललं. आता मेरठला त्यांना सांभाळतात, दत्तकही देतात. म्हणजे मी मागू शकलो असतो. यंदा स्लॅब टाकायचाय, पुढच्या साली उसाचं बिल आलं की बघू, आई म्हणते घरात कुत्रं नको. एवढा मोठा गोठा आहे रे आपला.

आपला सर्जा मेला तेव्हा ओसरी माणसांनी भरली होती, आठवतंय? आई दोन दिवस जेवली नव्हती. बादलसाठी कुणाला सांगू? कुत्रं मेलं म्हणून हवालदार रडतोय, म्हणायला गाव मोकळंच.

रात्री ताटातली पुरणपोळी तशीच राहिली म्हणून आई जवळ येऊन बसली. सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "खायाला काय घालत व्हतास त्येला?" मी भात, मटण, अंडी असं सगळं सांगत बसलो. तिनं मध्येच तोडलं.

"आणायचा व्हतास की रं. मी काय, दोन दिवस बोलली असती."

सवड काढून ये.

तुझा,
बाळू