खाटेवर पडलो नाही, म्हणून आम्ही रुग्ण नाही?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

मी ब्लाउज शिवते. शिवत होते म्हणा. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी कात्रीत बोटंच जाईनात. गरम पाण्यात तासभर हात बुडवले, तेव्हा कुठे मूठ वळली. ‘वात असेल’ म्हणून वर्षभर तेल चोळण्यात गेलं. मग कळलं, हा झिजेचा संधिवात नव्हे, ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिस आहे.

यात रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठते. पेशी एकमेकींना निरोप धाडतात त्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ वगैरे. आमच्या अंगात ‘हल्ला करा’ हा निरोप थांबतच नाही. सांध्याचं अस्तर सुजत राहतं आणि हाड पोखरलं जातं. इंटरल्यूकिन-६ तुमच्या खात्याच्या ओळखीचं असेल. २०२१ मध्ये लोक टोसिलिझुमॅबसाठी वणवण फिरले, ते इंजेक्शन हाच निरोप अडवतं. संधिवातावर ते कोविडच्या कितीतरी आधीपासून वापरतात.

रुग्णांमध्ये टीएनएफ अडवून बघण्याचं काम लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी यांनी १९९२ मध्ये सुरू केलं. टीएनएफच अडवणाऱ्या अदालिमुमॅब या इंजेक्शनची स्वस्त आवृत्ती २०१४ पासून शेजारच्या अहमदाबादची कंपनी बनवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये हे औषध अत्यावश्यक यादीत घातलं. तरी ‘स्वस्त’ म्हणजे कोणाला, हा प्रश्न उरतोच.

सगळ्यांना ते लागत नाही. आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्यांवर पुष्कळांचं भागतं. माझं भागलं नाही. भिशी उचलून दोन महिने पंधरवड्याला एक असं इंजेक्शन घेतलं. थर्मासात बर्फ घालून एसटीने आणायचे. दुसऱ्या महिन्यात काजं करू लागले. मग पैसे संपले.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मुख्य रचना दाखल होणाऱ्या रुग्णाभोवती आहे. आम्ही दाखल होत नाही, घरीच वाकडे होतो. जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, संधिवाततज्ज्ञाच्या चिठ्ठीवर, हे इंजेक्शन मिळावं एवढीच मागणी आहे. एक खबरदारी मात्र हवी. टीएनएफ अडवला की अंगात दबून राहिलेला क्षय डोकं वर काढू शकतो, म्हणून आधी क्षयाची तपासणी करावीच लागते. ती सोय तुमच्याकडे तयारच आहे.

पत्र मी सांगितलं, मुलीने लिहिलं. सही तेवढी माझी आहे, वेडीवाकडी आली आहे.

आपली,
एक शिवणकाम करणारी
सोलापूर जिल्हा