गवताला हात लावण्याआधी

पुणे, भाद्रपद वद्य एकादशी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी आवाज चढवला आणि तू फोन ठेवलास. रात्रभर तेच डोक्यात होतं. डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, असं डॉक्टरांनी महिनाभर बजावलंय. नाहीतर साताऱ्याला मीच गेलो असतो. अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे.

घटस्थापनेनंतरच्या रविवारी पार्टी येणार. पितृपक्षात कुणी घर बघायला येत नाही, म्हणून हे पाच-सहा दिवस तरी हातात आहेत. दोन पावसाळे घर बंद राहिलं त्याचा हा परिणाम. शेजारच्या वहिनींनी पाठवलेला फोटो दादाने मोठा करून दाखवला. फाटक अर्धं गवतात गेलंय. आईची अविधवा नवमी परवाच झाली आणि त्याच दिवशी तो फोटो आला, म्हणून जास्तच लागलं.

आधी कामाचं लिहितो. फोटोत फाटकाजवळ पांढऱ्या बारीक फुलांचा पट्टा दिसतो, ते सगळं काँग्रेस गवत. त्याला तू हात लावायचा नाहीस. दोन बायका लाव, रोज मी देतो. त्यांनाही रबरी हातमोजे आणि तोंडाला बांधायला फडकं दे, त्यांच्याही हाताला खाज सुटते. आदल्या संध्याकाळी पाइपने पाणी मारून ठेव. माती ओली असली की मुळासकट उपटतं आणि परागही कमी उडतात. फुलावर आलेलं गवत खताच्या खड्ड्यात टाकू नका, बी तिथेही जगतं. एकेक मोठं झाड १०-१५ हजार बी टाकतं. १९५५ च्या सुमारास हे पुण्यात पहिल्यांदा लोकांच्या नजरेत आलं, परदेशी गव्हाबरोबर आलं म्हणतात, आणि आता रस्त्याची एक कड त्याच्यावाचून दिसत नाही. पोत्यात भरून तोंड बांधायचं. पेटवायचं तर मुळीच नाही. ते चाललेलं असताना तू मागच्या खोलीत खिडक्या लावून बस.

ओट्याच्या कडेला आहे तो लव्हाळा. त्याच्या नादी लागू नकोस. वरचं पातं हातात येतं आणि खाली गाठी राहतात, एकीला एक दोऱ्याने ओवल्यासारख्या. आई कुदळीने खणून माती गव्हाच्या चाळणीतून चाळायची, गाठी डालड्याच्या डब्यात साठवायची, तरी आषाढात पुन्हा हिरवी टोकं वर. रविवारपुरता जमिनीबरोबर कापून घे. मात्र पार्टीला सांग की खाली लव्हाळा आहे. त्यांनी विचारलं नाही तरी सांग. पहिल्या पावसात त्यांनी आपल्याला नावं ठेवावीत असं मला नको.

वाटेवर अर्धा ब्रास लाल मुरूम पसरून पाणी मारून चोपून घे. विटांच्या कडेला गेरू, वृंदावनाला चुना. ओट्यावर झेंडूच्या आठ-दहा कुंड्या पुरेत. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण पडलाय, पोरांकरवी साबणाच्या पाण्याने धुऊन घे. फाटकाला रंग द्यायला माणूस सांगितलाय. तो रंग देत असताना तिथे थांबू नकोस, तेलरंगाच्या वासानेही तुला

पुन्हा तेच आलं. तू सदतीस वर्षांची आहेस, चाळीस माणसं तुझ्या हाताखाली काम करतात, आणि मी तुला खिडक्या लावायला सांगतोय. रागावू नकोस. नववीत तू न थांबता अजिंक्यतारा चढलीस, आठवतं? मी तुझी सॅक घेऊन मागे धापा टाकत होतो आणि तू दरवाजातून हाक मारलीस, "बाबा, या ना लवकर!" तिथेच मी दोन मिनिटं बसलो. दमलो म्हणून नव्हे. तुझा आवाज अख्खा आला होता, मध्ये कुठे तुटला नव्हता.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. १९९५ ची दिवाळीची सुट्टी. तुला आणि दादाला मी अंगणातलं गवत उपटायला लावलं होतं. दहा झाडांना एक लिमलेटची गोळी. दादाच्या चार झाल्या, तुझ्या सात. तू उघड्या हातांनी, जुड्या छातीशी धरून फाटकापर्यंत नेत होतीस. फुलांची पांढरी भुकटी तुझ्या फ्रॉकवर पडली होती ती मी बघितली, आणि शाबासकी दिली. रात्री दोनला तू उठून बसलीस. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. ओट्यावर तुला खांद्याशी धरून पहाटेपर्यंत फेऱ्या मारल्या. आई म्हणत राहिली की थंडीने झालं. सकाळी डॉक्टरांना मी गवताचं सांगितलं, तिला कधीच नाही. सात गोळ्यांपैकी पाच तुझ्या खिशात तशाच होत्या.

म्हणून काल ओरडलो. अंगणात पेव्हर ब्लॉक घालण्यावरून ओरडलो असं तुला वाटलं असेल, मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. तू म्हणालीस, "मीच एका दिवसात सगळं उपटून टाकते," आणि मला दुसरं काही ऐकूच आलं नाही.

दम्याचा पंप पर्समध्ये ठेव, बॅगेत नको. पोचलीस की कुलूप काढण्याआधी फोन कर.

तुझे बाबा

ता. क. ब्लॉकचं तूच ठरव. पार्टीसमोर तू उभी राहणार आहेस. फक्त पारिजातकाच्या बुंध्याभोवती दोन हात माती मोकळी सोड, आणि एजंट म्हणाला तरी झाड तोडू देऊ नकोस. सध्या तो भरात असेल. पार्टीला आठ वाजता बोलाव, त्यानंतर फुलं कोमेजतात. अंगण झाडून घ्यायचं ते आदल्या संध्याकाळी, सडा पडायच्या आधी, नंतर नाही.