नारकोंडमचे धनेश दरवर्षी मोजा, तेवढे पैसे द्या : पर्यावरणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय पर्यावरणमंत्री,
नवी दिल्ली

मंत्रीसाहेब, नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. पक्ष्यांचा नाद आहे, नोकरी वेगळी आहे. पत्र मात्र कोकणाबद्दल नाही, अंदमानातल्या एका बेटाबद्दल आहे आणि मागणी एकच आहे. नारकोंडम बेटावरच्या अभ्यासासाठी आणि राखणीसाठी दरवर्षी ठराविक पैसा द्या. खूप नको, पण दरवर्षी द्या, मधेच तोडू नका.

आता नारकोंडम म्हटलं की दहातल्या नऊ जणांना कुठे ते माहीत नसतं, त्यात त्यांचा दोष नाही. उत्तर अंदमानच्या पूर्वेला शंभरहून जास्त किलोमीटर भर समुद्रात एक जुना ज्वालामुखी उभा आहे, समुद्रातून सरळ ७१० मीटर वर, आणि पायथ्यापासून वरपर्यंत सगळं जंगल. क्षेत्रफळ जेमतेम सात चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या नॅशनल पार्कात असे चौदा-पंधरा नारकोंडम आरामात मावतील. पलीकडे म्यानमार. ब्रह्मदेशाने हे बेट आपलं असल्याचा दावा बरीच वर्षं लावून धरला होता, १९८६ च्या सागरी सीमा करारात तो मिटला. १९७७ पासून अभयारण्य आहे. वस्ती नाही, पोलिसांची एक चौकी आहे, ती १९६९ पासून.

आणि तिथे एक धनेश (मोठ्या चोचीचा पक्षी, इंग्रजीत हॉर्नबिल) राहतो जो जगात दुसरीकडे कुठेच नाही. कुठेच म्हणजे खरंच कुठेच, शेजारच्या अंदमानातसुद्धा नाही. ॲलन ह्यूमने १८७३ मध्ये जगाला त्याची ओळख करून दिली (हो तेच ह्यूम, काँग्रेस स्थापनेतले, पक्ष्यांचं वेड त्यांना राजकारणाच्या आधीपासूनचं). नराची मान विटकरी-तांबूस, मादी काळी, गळ्याखाली निळसर-पांढरी पिशवी. आमच्याकडच्या ककणेरासारखंच (तोही धनेशच) याचंही चालतं, मादी झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचं तोंड लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि नर बाहेरून फळं आणून भरवत राहतो. मधे नराला काही झालं तर आतल्यांचं अवघड, हे काय सांगायला नको.

आता मुद्द्यावर येतो. हे धनेश किती आहेत?

१९७२ मध्ये मुंबईच्या बीएनएचएसची (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची) मंडळी तिथे गेली होती, तेव्हा अंदाज निघाला चारशेच्या आसपास. १९९८ च्या सुमारास कोइंबतूरच्या सॅकॉन या पक्षी-संशोधन संस्थेचे रवी शंकरन गेले, त्यांचा आकडा तीन-साडेतीनशे. त्यानंतर दोनेक वर्षांत दुसऱ्या एका अभ्यासात चारशेच्या वर. आणि २०१९-२० च्या हिवाळ्यात म्हैसूरच्या एनसीएफची (नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनची) टीम बेटावर राहिली, नीट रेषा आखून, अंतरं मोजून त्यांनी मोजणी केली तर निघाले हजाराच्या आसपास, चौरस किलोमीटरला जवळजवळ दीडशे धनेश. जगात कुठल्याच धनेशाची एवढी दाटी नोंदलेली नव्हती. वाचून आम्हा पक्षीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळी साजरी झाली.

पण साहेब, जरा थांबून विचार करा. तीनशेचे हजार झाले का? का आधीपासून हजारच होते आणि मोजणारे कमी पडले? प्रत्येकाची पद्धत वेगळी, महिना वेगळा, हातात असलेले दिवस वेगळे, कोणाला वरच्या उतारापर्यंत चढता आलं कोणाला नाही, त्यामुळे हे चार आकडे एका रेषेत मांडून ग्राफ काढला तर तो ग्राफ पक्ष्यांचा नाही, मोजणाऱ्यांच्या ऐपतीचा निघेल. संख्या खरंच वाढली असेल तर कशाने वाढली ते कळायला हवं, कारण तोच उपाय उद्या निकोबारमधल्या पक्ष्यांनाही लागू करता येईल. आणि वाढली नसेल तर उद्या कमी व्हायला लागली तरी कळणार कसं? हजारावरून सातशेवर आले तरी जुन्या कागदावर तीनशे लिहिलंय म्हणून आपण खुशच.

वाढीचं एक संभाव्य कारण मात्र नोंद करण्यासारखं आहे. १९७६ मध्ये चौकीवरच्या लोकांच्या खाण्यासाठी बेटावर शेळ्या आणल्या होत्या. शेळ्यांना काय, सात चौरस किलोमीटरचं कुरण आणि वाघ-बिबट्या कोणी नाही, त्या सुटल्या, वाढल्या आणि जंगलातली रोपं फस्त करत सुटल्या. वरची मोठी झाडं जागच्या जागी, पण खाली नवं झाड येईना. शिवाय चौकीजवळ थोडं जंगल काढून नारळ, सुपारी, केळी लावली होती आणि धनेशाची शिकारही व्हायची. शंकरन आणि इतर अभ्यासकांनी हे सगळं लिहून ठेवलं, शेळ्या काढा म्हणून सांगितलं, आणि पुढे त्या काढल्याही गेल्या. म्हणजे कोणीतरी जाऊन बघितलं म्हणून कळलं आणि कळलं म्हणून दुरुस्त झालं. माझं सगळं पत्र या एका गोष्टीसाठी आहे असं समजा.

रडारचंही तसंच. कोस्ट गार्डला तिथे रडार आणि वीजघर हवं होतं, त्यासाठी डोंगरावर रस्ता. २०१२ च्या सुरुवातीला तेव्हाचे बीएनएचएसचे संचालक असद रहमानी बेटावर जाऊन आले, त्यांनी अहवाल दिला की नको, आणि त्या वर्षी मंत्रालयाने परवानगी नाकारली. २०१४ मध्ये सरकार बदललं, पर्यावरणमंत्री झाले आमच्या पुण्याचे प्रकाश जावडेकर आणि महिन्याभरात मंजुरी मिळाली. मला इथे देशाच्या सुरक्षेवर वाद घालायचा नाही, सीमेवर नजर ठेवायलाच हवी आणि चौकीतले जवान काय हालात राहतात तेही आम्ही ऐकून आहोत. पण एक सांगा, तिथे बांधकामाचा विचार निघतो तेव्हा रस्ते, डिझेल, जहाज, माणसं सगळ्याची तजवीज होते. मग त्याच जहाजावर दोन अभ्यासक आणि एक वनरक्षक यांच्या जागेची तजवीज का होत नाही?

कारण नारकोंडमवर संशोधन म्हणजे आधी परवानग्या, मग जहाज. रोजची बोट नाही, कोस्ट गार्डचं नाहीतर पोलिसांचं जहाज जाईल तेव्हा जायचं, रेशन, औषधं, तंबू सगळं सोबत, आणि समुद्र बिघडला तर परत यायची तारीख कोणीच सांगू शकत नाही. एवढं करून एक मोसम मिळतो. मग ग्रँट संपते, पेपर छापून येतो, पेपरात बातमी येते, आणि पुन्हा काही वर्षं सामसूम.

हे ग्रँटचं मला जरा जवळून माहीत आहे म्हणून बोलतोय. आमच्या भागात ढोल्यांवर लक्ष ठेवायचं एक छोटं काम सुरू होतं, गावातल्याच दोन पोरांना महिन्याला थोडे पैसे आणि पेट्रोल. ढोली कधी लिंपली, पिल्लू कधी बाहेर आलं, खाली बिया कुठल्या पडल्या, सगळं वहीत. पैसे देणाऱ्या संस्थेने दुसऱ्या मोसमानंतर सांगितलं की आता आमचा फोकस बदललाय. झालं. पोरं मुंबईला कामाला गेली. धनेशाचं आयुष्य काही दोन मोसमांचं नसतं साहेब, एखादं वर्ष उंबर-वड कमी फळले की ढोल्या रिकाम्या राहतात आणि ते वाईट वर्ष होतं का नेहमीचंच, हे दहा वर्षांची वही असल्याशिवाय सांगता येत नाही. नारकोंडमचा धनेश तर वड-उंबराच्या जातीच्या फळांवरच बराचसा जगतो.

आता पैसे कुठून आणायचे, तर तुमच्याच मंत्रालयात आहेत. संकटातल्या प्रजाती वाचवण्यासाठी जी केंद्राची योजना आहे तिच्या यादीत हिमबिबट्या आहे, माळढोक आहे, काश्मीरचं हंगूल हरिण आहे, २०२१ मध्ये कॅराकल हे रानमांजर आल्यावर नावं २२ झाली. त्यात अंदमान-निकोबारची, जिची घरटी माणसं खातात ती पाकोळी आहे, निकोबारचा मेगापोड पक्षी आहे. दोन्ही असायलाच हवेत. पण त्या २२ मध्ये नारकोंडमचा धनेश नव्हता. जगात एकाच डोंगरावर राहणारा, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला पक्षी, आणि यादीत नाही. का, तर बहुतेक कोणी मागितलंच नसेल. तर मी मागतोय.

कॅम्पाचं, म्हणजे तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडं लावायला जमा होणाऱ्या निधीचं, तर विचारूच नका. २०१९ मध्ये त्यातले ४७ हजार कोटींहून जास्त रुपये राज्यांना वाटले. ग्रेट निकोबारच्या ७२ हजार कोटींच्या प्रकल्पात जंगल तुटणार निकोबारचं आणि बदल्यात झाडं लावायची हरियाणात असं ठरलं, हे वाचून आमच्याकडच्या शाळेतली पोरंसुद्धा हसली. कॅम्पातला चहापाण्याइतका भाग तरी बेटांच्या जिवंत जंगलावर खर्च झाला तर कोणाची हरकत असेल?

आणि धनेश एकटाच नाही हं तिथे. २०२१ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी त्याच बेटावरून एका नव्या चिचुंद्रीची नोंद केली, तिला नावही नारकोंडमचंच दिलं. १८७३ पासून लोक तिथे जातायत आणि पायाखालची चिचुंद्री आत्ता सापडली. झाडं, पाली, कोळी, किडे यांत अजून काय काय असेल.

अंदमान केंद्रशासित आहे, त्यामुळे केंद्राकडून राज्याकडे आणि राज्याकडून केंद्राकडे फायली फिरवायचंही कारण नाही. तुमच्याकडून हवंय ते असं. त्या यादीत नारकोंडमचा धनेश घ्या. डब्ल्यूआयआय (भारतीय वन्यजीव संस्था)-सॅकॉन, एनसीएफ, बीएनएचएस यांना एकत्र बसवून मोजणीची एकच पद्धत ठरवा आणि किमान दहा वर्षं, दरवर्षी विणीच्या मोसमात, त्याच वाटांवर मोजणी होईल एवढा निधी एकदाच मंजूर करून ठेवा, म्हणजे दर मार्चला कोणाला हात पसरायला नको. चौकीतल्या जवानांची बदली करायला जहाज जातं त्यात अभ्यासकांच्या जागा लेखी राखून ठेवा. जहाजातून उंदीर, मुंग्या, तणाच्या बिया उतरू नयेत म्हणून सामान तपासायची सोय पोर्ट ब्लेअरलाच करा (आता श्री विजयपुरम, सवय व्हायला वेळ लागेल). सात चौरस किलोमीटरवर एखादा रोग किंवा एखादं मोठं वादळ आलं तर पळून जायला दुसरं जंगल नाही, म्हणून चौकीतल्या जवानांना मेलेला पक्षी दिसला तर काय करायचं, कोणाला कळवायचं याचं साधं ट्रेनिंग द्या. तसंही बेटावर बाराही महिने असणारी माणसं तीच आहेत, त्यांच्याकडून रोजची नोंदवही लिहून घेतली तर अर्धं काम तिथेच होईल, आणि त्याचा थोडा भत्ता द्यायला विसरू नका.

उत्तर आलं तर आनंद होईल, नाही आलं तर पुढच्या बजेटच्या आधी हेच पत्र थोडं अपडेट करून पुन्हा टाकीन.

आपला,
रत्नागिरीकडचा एक पक्षीवाला