माळीकाका, हात पाठीमागे ठेवलेत त्याबद्दल

प्रिय माळीकाका,

सप्रेम नमस्कार.

शाळेच्या बागेला मदत करायला येणारे बरेच जण रोपं आणतात, स्वतःच लावतात, फोटो काढतात आणि जातात. पंधरा दिवसांनी डब्यांत वाळक्या काड्या उरतात. तुम्ही खुरपं मुलांच्या हाती दिलंत आणि स्वतः हात पाठीमागे बांधून उभे राहिलात. आभार त्याचेच. पत्र उघड लिहितोय, कारण दाटीवाटीच्या वस्तीतल्या इतर शाळांनाही तुमची पद्धत कामी येईल.

सगळंच तुम्ही मुलांवर सोडलं नाहीत, हे आधी सांगायला हवं. माती आणि वजन, हे दोन निर्णय मोठ्यांचे, असं तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत. शहरातल्या मोकळ्या कोपऱ्यात जुन्या रंगाचे पोपडे, राडारोडा आणि रस्त्याची धूळ वर्षानुवर्षं साचते. त्यात शिसं असू शकतं. ते दिसत नाही आणि पाण्याने निघूनही जात नाही. माती तपासायला देताना ‘शिसंही तपासा’ असं वेगळं सांगावं लागतं, कारण नेहमीच्या तपासणीत सामू (माती किती आम्ल की अल्कली), सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्यं एवढंच पाहतात. अहवाल हाती येईपर्यंत जमिनीत पालेभाजी नाही, मुळा-गाजर तर नाहीच. लागवड करायची ती खात्रीच्या मातीने भरलेल्या डब्यांत, आणि डबेही रंगाचे किंवा रसायनांचे नकोत.

गच्चीचा हिशेब त्याहून कडक. ओली माती घनमीटरला साधारण दीड टन किंवा जास्तच भरते. म्हणजे नुसता 15 सेंमीचा थर दिला, तरी दर चौरस मीटरला सव्वादोनशे किलोच्या पुढे भार. अभियंत्याने होकार दिल्याशिवाय वर एकही वाफा चढवायचा नाही, यावर तुम्ही तसूभर हलला नाहीत.

बाकी चुका मुलांच्या, आणि त्या होऊ देण्यात तुमचं खरं कसब. पालेभाजीला 15 ते 20 सेंमी खोली पुरते, टोमॅटो-मिरचीला निदान 30 लागते. माती, कुजलेलं खत आणि धुतलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सारख्या मापाने घ्यायचे (कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून दोनतीनदा धुवायचा). तळाला बोटाएवढी चारपाच भोकं पाडायची. हे मुलांना पटकन पटतं. 20 लिटरच्या डब्यात टोमॅटोचं एकच रोप लावायचं, हे मात्र कोणालाच पटत नाही. एका डब्यात तुम्ही तीन लावू दिलीत आणि शेजारी एकाच रोपाचा डबा ठेवायला सांगितलंत. वाद तिथेच मिटला.

पाण्याचं तर विचारूच नका. बाग मुलांची असली की रोपं तहानेने कमी आणि पाण्याने जास्त मरतात. प्रत्येक तुकडीला झारी धरायची असते. दिवसातून चार वेळा पाणी पडतं, मुळांना हवा मिळत नाही आणि कोवळी रोपं बुडाशी पिचून आडवी होतात. तुमचा नियम सोपा: बोट दोन पेरं मातीत खुपसायचं, ओल लागली तर झारी खाली. घातलंच पाणी, तर डब्यावर अडकवलेल्या चिठ्ठीवर तारीख.

त्याच चिठ्ठ्यांनी पुढे एक कोडं सोडवलं. टोमॅटोचं बूड काळं पडून आत दबलं, तेव्हा मुलं रोग समजून फवारणीच्या तयारीत होती. तुम्ही आधी तारखा वाचायला लावल्यात. शनिवार-रविवार कोरडा, सोमवारी डबा तुडुंब. पाण्याची अशी ओढाताण झाली की मातीत कॅल्शियम असूनही ते फळापर्यंत पोचत नाही. इलाज म्हणजे 5 सेंमी पालापाचोळ्याचं आच्छादन आणि रोज बेताचं पाणी. फवारणीची बाटली कपाटातच राहिली.

खताच्या खड्ड्यावर मुलांना नाकाने शिकवलंत. एक टोपली ओला कचरा, तर दोनतीन टोपल्या वाळका पाला. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर ओला कचरा जास्त; सडक्या अंड्यासारखा आला तर हवा कमी, ढीग उपसायचा. काहीच घडत नसेल तर बहुधा कोरडा पडलाय. तयार वाटणारं खत ओलसर करून मूठभर पिशवीत तीन दिवस बंद ठेवायचं. उघडल्यावर आंबूस वास आला तर कच्चं, आणि कच्च्या खताने कोवळी मुळं करपतात.

आणि सुट्ट्या! शाळेची बाग बहुधा सुट्टीतच मरते. म्हणून पीक निवडताना तुम्ही कॅलेंडर समोर ठेवायला लावलंत: छोटा लाल मुळा 25 ते 30 दिवसांत निघतो, टोमॅटोला रोप लावल्यापासून दोन ते अडीच महिने लागतात. सुट्टीला सहा आठवडे उरले असतील तर टोमॅटोचं नावही काढायचं नाही. वरच्या वर्गाने परीक्षेच्या महिनाभर आधी झारी, वही आणि नळाची किल्ली खालच्या वर्गाच्या हवाली करायची, हीही तुमचीच शिस्त. वही आता दुसऱ्या हातांत आहे. अक्षर वाईट आहे, नोंदी चोख आहेत.

मनापासून आभार.

आपले,
शाळेच्या बागेचं काम पाहणारे शिक्षक

ता. क. तीन टोमॅटोंचा डबा अजून तसाच आहे. नव्या मुलांना दाखवायला लागतो म्हणून जुनी मुलं एकही रोप उपटू देत नाहीत.